कागदावर नसलेल्या कामातून सुटी कोण देणार?

आपल्या मंडळीचा कारभार पाहणारे डीकन मंडळ आणि सर्व सभासद बंधू-भगिनींना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पाळक माझे यजमान आहेत, म्हणून आधीच सांगते : हे पत्र त्यांनी वाचलं आहे आणि त्यातलं सगळं त्यांना पटलेलं नाही. चालायचंच. बाप्तिस्त मंडळीत नवऱ्याचं मत वेगळं आणि बायकोचं वेगळं मोजतात. घरटी एक मत अशी आपल्याकडे रीत नाही.

जानेवारीच्या वार्षिक सभेत माझ्याबद्दल एक ठराव झाला. लेकरू लहान आहे, सबब संडे स्कूल, बुधवारची महिला सभा आणि गावभेटी यांतून मला विश्रांती द्यावी, आणि तोवर मानधनही थांबवावं. मांडणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, काळजीच होती. ठराव एकमताने मंजूर झाला, असं इतिवृत्त सांगतं. माझं मत मात्र त्यात नाही. हात वर होत होते तेव्हा मी मागच्या पडवीत सगळ्या सभेच्या भाताचा गंज चुलीवरून उतरवत होते आणि मुलगी शेजारच्या मावशीच्या मांडीवर रडत होती.

शिकवण्यातून सुटी मिळाली. स्वयंपाक तेव्हाही चालू होता, आजही चालू आहे. रविवारच्या उपासनेनंतरचं जेवण, बाहेरगावचे सुवार्तिक आले की त्यांचं दोन वेळचं, उपवास-प्रार्थना सुटली की चहा-पोहे, नाताळच्या आठवड्यात तर विचारूच नका. ठरावात यातला एक शब्द नाही. का नाही, म्हणून मी मंडळीची घटना काढून वाचली, जुनी इतिवृत्तं चाळली, जमाखर्चाची वही पाहिली. वहीत तांदूळ आहे, तेल आहे, सिलिंडर आहे. रांधणारी कुठेच नाही. जे काम कागदावर कधी आलंच नाही, त्यातून मोकळं करायचा ठराव तरी कसा होणार?

"तुमी त घरीच असता न बाई," एका काकांनी मला मायेनं सांगितलं. खरं आहे. घरीच असते. मंडळीही माझ्या घरीच असते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

कोणी म्हणेल, हिला रांधायचा कंटाळा आला. तसं असतं तर पत्र चार ओळींत संपलं असतं. वणीच्या या पट्ट्यात रविवारी आपल्याकडे माणसं कुठून कुठून येतात ते तुम्ही जाणता. कोणी कोळसा खाणीची रात्रपाळी करून तसाच येतो. कोणी वेचणीची मजुरी बुडवून, पोरांना घेऊन पहिल्या एसटीने येते. परतीची गाडी दुपारची. तोवर त्यांना नुसत्या गीतांवर ठेवणं मला कधी जमलं नाही. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. थंडीत पातोडीचा रस्सा, त्यावर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. आपल्यातली जी जुनी घरं तेलुगू मुलखातून खाणीच्या कामाला आली, त्यांच्या आजीबाईंनी मला अंबाडीचं तिखट लोणचं शिकवलं. आता ते नसलं तर पंगतीत विचारणा होते. भाकर थापताना जे सुचतं ते मला टेबलाशी बसून सुचत नाही. संडे स्कूलचे माझे निम्मे धडे पिठाच्या हातांनी तयार झाले आहेत.

आणखी एक. उपासनेच्या खोलीत पाऊल न टाकणारी बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. नवऱ्याची दारू, बचत गटाचं कर्ज, पोरीची मोडलेली सोयरीक, सगळं लसूण सोलता सोलता निघतं. तिनं म्हटलं तर मी प्रार्थना करते. नाही म्हटलं तर लसूण सोलून होतो. ताटावर अट नाही. अट का नसावी, हे आपल्याच तेलुगू वाडवडिलांकडून शिकावं. 1876 ते 1878 च्या दुष्काळात आंध्रातल्या ओंगोलचे मिशनरी जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचं कंत्राट घेऊन भुकेल्या लोकांना मजुरी दिली. मदत चालू होती तोवर त्यांनी बाप्तिस्मे थांबवून ठेवले, भाकरीसाठी कोणी पाण्यात उतरू नये म्हणून. मग 3 जुलै 1878 ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. आपण सणासुदीला 2,222 चा आकडा अभिमानाने सांगतो. आधीचं थांबणं सांगत नाही, आणि मला तेच मोठं वाटतं.

तर स्वयंपाक ही सेवा आहे, यावर माझं-तुमचं भांडण नाही. सेवा आहे तर ती मंडळीची असली पाहिजे, एका बाईची नाही. आणि तिच्यापायी माझं पाचारण गुंडाळून ठेवायला मी तयार नाही. शिकवण्यासाठी देवाने मला बोलावलं, हे मी बाप्तिस्म्याच्या वेळी सांगितलं होतं. मंडळीने ते ऐकलं, पारखलं, आणि मग काम दिलं. लेकरू झालं म्हणून देवाने ते बोलावणं परत घेतल्याचं मला तरी कळवलेलं नाही.

बाळंतपणाच्या दिवसांबद्दल थोडं मोकळं लिहिते. आपल्यात हे बायकाबायकांत कुजबुजलं जातं आणि मग सभेत पुरुष अंदाजाने ठराव करतात.

पाचवीच्या रात्री शेजारची आजी विळा, कोरा कागद आणि लेखणी घेऊन आली. "सटवाई लिहाले येते बाई, लेकराचं नशीब कोरं ठेवू नोको." मी म्हटलं, आजी, आमच्यात पूजा नाही करत, पण तुम्ही बसा. यजमानांनी प्रार्थना केली, आजीनं डोळे मिटून ऐकली, चहा घेतला, जाताना बाळंतशोपा कशी भाजायची ते सांगून गेली. दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली मैत्रीण अळिवाची खीर घेऊन आली. मंडळीतल्या दोघी जणी डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि एकीनं तर आठवडाभर बाळाचे कपडे धुतले. तिला मी विसरणार नाही. बाकी पुष्कळ जण बाळ बघायला आले. त्यांना चहा मी केला.

सव्वा महिना बाळंतिणीने खाटेवरून उतरू नये, असं आपल्याकडे म्हणतात. हिला वांगं नको, हरभऱ्याची डाळ नको, पाणी बेतानं, हेही म्हणतात. आशाताई उलटं सांगते : सगळं खा, भरपूर पाणी पी, आणि सहा महिने लेकराच्या तोंडात आपल्या दुधाशिवाय काही घालू नको, घुटीसुद्धा नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मोजमाप आहे. साध्या हिशेबाने एक जास्तीचं जेवण. आपल्या पंगतीत रांधणारी शेवटी बसते, आणि तेव्हा गंजाच्या तळाशी काय उरतं ते ज्यांनी कधी तळ खरवडला त्यांना ठाऊक आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येते; तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. वजन करते, ताप पाहते, पाजणं नीट चाललंय का बघते. घरोघर जाऊन नवजात बाळ जपण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने करून दाखवली, मग ती देशाने घेतली. विदर्भाने देशाला दिलेली ही गोष्ट. आपली मंडळी याच विदर्भात आहे, एवढंच म्हणते.

शरीराचं असं होतं. मनाचं कोणी मोजत नाही. रात्री तीनला लेकरू छातीशी धरून बसलं की कारण नसताना रडू येतं, लेकराचा राग येतो, आणि त्या रागाची भीती वाटते. हे मी महिला सभेत सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, विश्वास वाढवा. त्यांना मी काही बोलले नाही. पण ज्या तरुण पोरी तिथं बसल्या होत्या त्यांच्यासाठी इथं लिहिते : प्रार्थना करा आणि डॉक्टरांनाही सांगा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर फोन लावला की मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. देवाला यात काही अपमान वाटत नाही.

बाप्तिस्त मिशनरी विल्यम केरींचं नाव आपण दरवर्षी घेतो. जोडे शिवणारा माणूस, 1793 ला बंगालमध्ये आला, तिथल्या श्रीरामपूरला छापखाना चालवला, नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचं व्याकरण 1805 मध्ये काढलं, 1811 मध्ये मराठी नवा करार छापला. पोरांना हे मीच शिकवत आले. त्यांची बायको डोरोथी मात्र आपल्या कुठल्याच धड्यात नाही. लग्नाच्या वेळी तिला लिहिता येत नव्हतं, तिनं नोंदवहीत फुली मारली. परदेशी जायला तिनं आधी नकार दिला होता. मग पुष्कळ समजावणी झाली, बहीण सोबत येते असं ठरलं, आणि 13 जून 1793 ला जहाज निघालं तेव्हा डोरोथीच्या कुशीत काही आठवड्यांचं बाळ होतं. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आजारात गेला. तिचं मन फिरलं ते पुन्हा ताळ्यावर आलं नाही. 28 डिसेंबर 1800 ला हुगळीच्या पाण्यात कृष्ण पाल यांचा, त्या मिशनच्या पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा, बाप्तिस्मा झाला. तो दिवस आपण सुवार्तेच्या इतिहासात सोन्याचा मानतो. त्या दिवशी डोरोथी खोलीत कोंडलेली होती. 1807 मध्ये ती वारली.

तिचा आजार बाळंतपणातून आला, असं मी म्हणत नाही. तेवढं मला कळत नाही. पण त्या घरात आणखी एक बाई होती, केरींच्या सहकाऱ्याची बायको हॅना मार्शमन. तिलाही पोरंबाळं होती. तिनं निवासी शाळा चालवली, मुलींना शिकवलं, केरींच्या मोकाट झालेल्या मुलांवरही माया केली. श्रीरामपूरला सगळ्या मिशनरी कुटुंबांची पंगत एक आणि तिजोरी एक होती. भारतातलं हे सगळ्यात नावाजलेलं बाप्तिस्त घर सामाईक स्वयंपाकावर चाललं. आपण त्यांच्याकडून पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला, मतदान घेतलं. सामाईक चूल तेवढी घेतली नाही.

शास्त्राचं म्हणाल तर मातृदिनाला आपल्याकडे नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय वाचतात. रात्र असताना उठून घरच्यांना अन्न देणारी ती सद्गुणी स्त्री. त्याच ओळीत तिच्या दासींचाही उल्लेख आहे, तिथं वाचणाऱ्याचा आवाज का कोण जाणे नेहमी हळू होतो. मार्था आणि मरीयेवरचं प्रवचनही मी अनेकदा ऐकलं. बरं झालं होतं. मरीयेसारखं येशूच्या पायाशी बसावं, असं सांगून पाळक थांबले आणि सगळे जेवायला उठले, मार्थेने केलेलं. (हे वाक्य पाळकांनी खोडायला सांगितलं होतं. ठेवलंय.)

मला जास्त जवळची शमुवेलाची आई हन्ना. लेकरू झाल्यावर घरचे सगळे वार्षिक यज्ञासाठी शिलोला निघाले, तेव्हा ती म्हणाली, मी आत्ता येत नाही, याचं दूध तुटलं की येईन. तिचा नवरा एलकाना म्हणाला, तुला योग्य वाटतं तसं कर. कधी थांबायचं, कधी निघायचं, हे तिनं ठरवलं. शिलोच्या याजकाने तिच्या गैरहजेरीत ठराव केला नव्हता. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा काय झालं? बायकांना म्हणाले का, तुम्ही घरीच असता? सात पुरुष निवडले. आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले, स्तेफन त्यातला पहिला. डीकनपदाचं मूळ म्हणून आपण हाच उतारा दरवेळी निवडणुकीत वाचतो. म्हणजे आपल्या डीकनांची नेमणूक मुळात पंगतीसाठी आहे.

आणि रांधायला येत नाही, असं कोणी सांगू नये. हिवाळ्यात शेतात रोडग्यांची पार्टी असते तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे कोण भाजतं? वांग्याच्या भाजीला तर्री कोण आणतं, आणि बायकांना जवळसुद्धा फिरकू देत नाही? मी नावं घेत नाही. डीकन मंडळात बसलेत ते.

माझ्या मुलीचं समर्पण तुम्हा सगळ्यांसमोर झालं. नागपूरचे नातेवाईक दुसऱ्या पंथाचे. त्यांनी विचारलं, बाप्तिस्मा का नाही दिला? आम्ही सांगितलं, पाण्यात कधी उतरायचं ते तिचं ती ठरवील, तोवर आम्ही तिला प्रभूच्या हाती देतो. त्या दिवशी पाळकांनी मंडळीला प्रश्न केला : या लेकराला वाढवायला तुम्ही आई-बापाला साथ द्याल का? तुम्ही उभे राहिलात आणि मोठ्याने 'होय' म्हणालात. लहान मुलाला बाप्तिस्मा न देणाऱ्या मंडळीत हे 'होय' फार जड असतं, कारण त्या लेकरापाशी त्या दिवशी दुसरं काहीच नसतं. मी ते धरून बसले आहे. तुम्हाला आठवत असो वा नसो.

माझं सोडा. वेचणीला जाणाऱ्या आपल्या बहिणींचं बघा. दोन महिन्यांचं लेकरू बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगून त्या दिवसभर कापूस वेचतात. मजुरी किलोवर, म्हणून पाजायला थांबलं की पैसे कमी. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत. शेतात रोजाने जाणारीला तो कायदा शिवत नाही. अशी बहीण बाळंत झाली की महिनाभर तिच्या घरी दोन वेळचा डबा मंडळीतून जावा, पाळीपाळीने. ती आपल्या सभासदांतली असो की उंबऱ्यावर बसणारी. हे मला माझ्या ठरावापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि विशेष सभेत हाच विषय आधी घ्यावा.

विशेष सभा मागण्याचा हक्क घटनेने सभासदांना दिला आहे. अर्ज सह्यांसह चिटणीसांकडे पोचला आहे. मला हवं आहे ते असं की जानेवारीचा ठराव मागे घ्यावा. बुधवारची सभा मी लेकरू मांडीवर घेऊन चालवीन. पाजायची वेळ झाली तर पाजीन आणि कोणी दुसरीने वाचन पुढे न्यावं. गावभेटी सध्या जमणार नाहीत, त्या मी स्वतः होऊन सोडते, आणि जेवढं काम सोडलं तेवढं मानधन कापावं, सगळं नाही. रविवारच्या जेवणाला घरांच्या पाळ्या लागाव्यात आणि पाळी घराची असावी, घरातल्या बाईची नव्हे. महिन्यातला एक रविवार माझा ठेवा. तो सोडायला मी तयार नाही, अंबाडीच्या लोणच्यासह. आणि या सगळ्याची नोंद इतिवृत्तात व्हावी : कोणी रांधलं, कोणी वाढलं, कोणी भांडी घासली.

विरोधात मत देणारे असतील, त्यांनी द्यावं. मतदानात हरले तर मी मंडळी सोडणार नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन.

सभा उपासनेनंतर ठेवली तर माणसं जेवूनच जातील. त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसणार आहे, मुलगीही सोबत असेल. भात कोण टाकणार ते कृपा करून शनिवारपर्यंत ठरवा. तांदूळ कोठीत आहे, मोठा गंज पडवीत पालथा घातला आहे, आणि सिलिंडर संपत आला आहे, तो भरून आणावा लागेल.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
संडे स्कूलची शिक्षिका आणि या मंडळीची एक सभासद